कोपराची जागा

बाबांचा एकच फोटो आमच्या भिंतीवर आहे, आणि तो आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला. त्यात ते इतके घाबरलेले दिसतात की कुणाला वाटेल, माणूस पोलीस चौकीत बसलाय. बाबा तसे मुळीच नव्हते. आयुष्यभर त्यांनी आमचं गाव ते चिखली अशा सवाऱ्या जीपने नेल्या. डावा हात स्टिअरिंगवर, उजवं कोपर खिडकीबाहेर आणि तोंडाने मागच्या सीटवरच्या सगळ्या गावाशी गप्पा. हे ज्याला पाहायचं असेल त्याने फोटोकडे नाही, जीपच्या उजव्या दाराकडे बघायला हवं होतं.

त्या दाराच्या वरच्या कडेवर त्यांचं कोपर टेकून टेकून रंग झिजला होता. बाहेरचा आभाळी रंग, तो बाबांनी दिलेला. त्याच्या आत गडद हिरवा, आधीच्या मालकाचा. मग रंगाखालच्या अस्तराची तांबूस रेघ. आणि अगदी मधे, तळहाताएवढा, नुसता पत्रा. घासलेल्या वाटीसारखा गुळगुळीत. लहानपणी मी तिथे बोट फिरवत बसायची. बाबा खेकसायचे, "बोट भाजून घेशीन बे." उन्हात तो पत्रा खरंच तापायचा. त्यांच्या कोपराला मात्र काही व्हायचं नाही.

ऐन उन्हाळ्यात बाबा गेले. छातीत दुखतंय म्हणाले, आणि बुलढाण्याला नेईपर्यंत संपलं. जीप अंगणात निंबाखाली तशीच उभी राहिली. मी खामगावच्या एका शाळेत शिकवते, रोज एसटीने जाऊन-येऊन करते. सकाळी बसला निघताना जीपच्या बाजूनेच जावं लागायचं. जाताना मी त्या जागेवर हात ठेवायची. एवढंच. कुणाला सांगण्यासारखं काही नव्हतं त्यात.

पाऊस सुरू झाला आणि एका सकाळी माझ्या हाताला खरखर लागली. वाकून पाहिलं तर पत्र्यावर मोहरीएवढे नारिंगी ठिपके. इतकी वर्षं तो पत्रा उघडा होता, पावसात भिजला, थंडीत गारठला, कधी गंजला नाही. का नाही गंजला? कारण रोज कोपर घासलं जात होतं. बाबांचा घाम, डोक्याचं तेल, सदऱ्याची बाही, सगळं मिळून तो पत्रा राखला जात होता. कोपर थांबलं, आणि महिना-दीड महिन्यात पत्र्याला ते कळलं.

मग मी वेड्यासारखी मागे लागले. हो, वेड्यासारखीच. मोबाईलवर बघितलं, तर परदेशात जुन्या गाड्यांचा विटलेला रंग तसाच जपणारी माणसं आहेत. नवा रंग देणं म्हणजे गाडीचं आयुष्य पुसणं, असं ती म्हणतात. आमच्या गावात हे बोलले असते तर लोकांनी मलाच वेड्यांच्या दवाखान्यात नेलं असतं. दुकानातून पॉलिश आणून लावलं. फडकं उलटून बघते तर सगळं निळं. उन्हाने भुकटी झालेला बाबांचा रंग फडक्यावर निघून आला होता. ते फडकं हातात धरून मी अंगणात रडले, आणि पॉलिशची डबी उकिरड्यावर फेकली. मग मेणबत्ती वितळवून पत्र्यावर लावली. दुपारच्या उन्हाने मेण दारावरून खाली ओघळलं. शेवटी खामगावच्या तेलघाण्यावरून जवसाचं तेल आणलं. ते पातळ लावायचं, पुसून काढायचं, वाळू द्यायचं, की वर एक पापुद्रा धरतो. धरला. गंज थांबला. पण पत्रा काळपट-तपकिरी व्हायला लागला. जी जागा मला वाचवायची होती, ती माझ्याच हाताखाली दुसरीच कुठली तरी होत चालली होती. काही नाही केलं तर गंज खाणार, काही केलं तर मी खाणार. दोन्हीकडून मी अडकले होते.

तेव्हा मला सुचलं की कोपर नसलं तरी बाही आहे. बाबांचा टेरीकॉटचा सदरा पेटीतून काढला, बाहीत हात घातला आणि रोज सकाळी बसच्या आधी ती जागा घासायला लागले. जोर लावून, खाली वाकून, जसं त्यांचं कोपर सरकायचं तसं. आणि खरं सांगते, उपाय लागू पडला. तपकिरी रंग हटला, मधला पत्रा पुन्हा उजळला. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी वर्गात पोरांना उगाच गोळ्या वाटल्या.

आई चुलीपाशी बसून हे बघायची. एकदाच म्हणाली, "पुरे कर न बाई." मला वाटलं, बस चुकेल म्हणून म्हणते.

लोक तर होतेच सल्ले द्यायला. कुणी म्हणे भंगारात घाल, कुणी म्हणे इंजिन काढून वीक. चुलत्यांनी तर गिऱ्हाईकच उभं केलं अंगणात. मी त्या माणसाला चहासुद्धा विचारला नाही. जीप माझी होती, दार माझं होतं, आणि कुणी त्याला हात लावलाच तर मी काय करेन ते मलाच ठाऊक नव्हतं.

दसरा जवळ आला. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की सण बंद होतात. मग पहिल्या मोठ्या सणाला माहेरची माणसं नवे कपडे घेऊन येतात, घरच्यांना नेसवतात, गोडधोड करायला लावतात. दुखवटा काढणं म्हणतात त्याला. त्यानंतर रडायचं नाही असं नाही, पण घराने पुन्हा कामाला लागायचं. मामा येणार हे ठरलेलंच होतं. आईला लुगडं, मला ड्रेस, हे सगळं मला माहीत होतं.

शनिवारी शाळा अर्धी होती. दुपारी घरी आले तर निंबाखाली जीप नव्हती. तिच्या आकाराची कोरडी माती होती, चार चाकांच्या खुणा, आणि मधे ऑइलचा डाग.

"आई, जीप कुठं गेली?"

"तुह्या मामानं नेली चिखलीले," आई म्हणाली. तिच्या अंगावर नवं लुगडं होतं, आणि ती माझ्याकडे न बघता तांदूळ निवडत होती. "सकाळीच."

"कशाला?"

"दुखवटा काढाले. थेही घरचंच माणूस हाय म्हणे, नवा रंग द्याले नेली."

मी मामाला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा लावला. चप्पल तशीच होती पायात. फाट्यावर पळत आले, चिखलीकडे जाणाऱ्या पहिल्या गाडीला हात केला आणि एका कापसाच्या गाठोड्याला टेकून उभी राहिले. रस्ताभर मी मनात एकच घोकत होते: आधी बॉनेट करतील, मग मागचा भाग करतील, दार शेवटी करतील. देवाला मी फारशी मानत नाही, पण त्या दिवशी रस्त्यातल्या प्रत्येक देवळाला मी हात जोडले. दर्ग्यालासुद्धा जोडले.

चिखलीत गाड्या रंगवणाऱ्या पेंटरचं दुकान बाजाराच्या मागे. जीप पत्र्याच्या शेडखाली होती आणि मी तिला ओळखलंच नाही. अंगावरचा सगळा निळा रंग पाणी-पेपरने घासून गेला होता. काचांना वर्तमानपत्र चिकटवलेलं. मी सरळ उजव्या दाराशी गेले. कोपराच्या जागी थोडा खोलगट भाग होता, तो पेंटरने लांबी म्हणजे पुट्टी भरून सपाट केला होता. अजून ओलीच होती ती. मी नखांनी खरवडायला लागले.

"ओ ताई, ओ ताई," पेंटर ओरडला.

मी थांबले नाही. लांबी नखांत गेली, बोटांवर चिकटली, आणि खाली पत्रा लागला. राखाडी पत्रा. त्यावर घासपेपरच्या तिरप्या रेघा. निळा नाही, हिरवा नाही, तांबूस नाही. दाराच्या दुसऱ्या टोकाला जसा पत्रा, तसाच इथे. बाबा या दाराशी कधी बसलेच नव्हते.

मामा मागून आला. हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा. माझा चेहरा बघून त्याचा चेहरा पडला. "काय झालं बाई? मी तं म्हटलं, सगळ्याइले नवे कपडे आणले, मंग तिनंच फाटकं काऊन राहावं? भाऊजीनं जीव लावला तिले."

मी त्याला नको नको ते बोलले. भर बाजारात, मोठ्याने. तो माणूस बाबांच्या मागे सगळ्यात जास्त राबलेला, आणि मी त्याला म्हटलं की तू बाबांना दुसऱ्यांदा जाळलंस. मग त्याने खिशातून फोन काढला, आईला लावला आणि माझ्या कानाशी धरला. "ताई, तूच सांग हिले."

"मामाले बोलू नको," आई म्हणाली. "मीच सांगतलं त्याले."

"काऊन पण?"

"तू रोज सकाळी त्याइचा सदरा घालून थे दार घासे. तू जीपच्या पल्याड खाली वाकेस तं तुहं डोकं नाई दिसे मले चुलीपासून. नुस्ती बाही दिसे दारावर. मले वाटे, आले. रोज वाटे. मंग तू उभी राहेस."

बोटांवरची लांबी वाळून ताठ होत होती.

"मग मले सांगायचं ना," मी म्हणाले.

"कशी सांगू बाई? तुहं तेवढंच तं राह्यलं होतं."

मामाने तोंड फिरवलं. पेंटर मशीनची नळी हातात घेऊन उभा होता. त्याला बिचाऱ्याला काय कळणार. त्याने हळूच विचारलं, "ताई, पुढं करू का? रंग कालवलेला हाय." डबा उघडाच होता. मामाने पांढरा निवडला होता. हल्ली सगळ्या नव्या गाड्या पांढऱ्या असतात, आणि पांढऱ्यात गाडी भारी दिसते, म्हणून.

आईने फोनवर ते ऐकलं. "कोणता रंग देऊन राह्यले?"

"पांढरा," मी म्हणाले.

"पांढरा नको बाप्पा," आई एकदम म्हणाली. "पांढऱ्यात त्याइले एकदा पाह्यलं म्या."

मी पेंटरला सांगितलं, पांढरा नको. तो म्हणाला, बरं, मग कोणता? फोन कानाला होता, आई पलीकडे वाट बघत होती, मामाही माझ्याकडेच बघत होता. मला एकाही रंगाचं नाव आठवेना.