मनोरमाबाईंचे नऊ दिवस

परवा नातीला ताप आला म्हणून दवाखान्यात बसले होते. फिनेलचा वास आला आणि एकदम लहानपणचा दवाखाना आठवला.

त्र्याहत्तर साल असेल. मी आठ वर्षांची होते. मला घटसर्प झाला, म्हणून माझ्या वडिलांनी, आबांनी, पलूसहून मिशनच्या दवाखान्यात आणलं. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. रोग दुसऱ्यांना लागू नये म्हणून मला वेगळ्या खोलीत ठेवलं. आईच्या अंगावर धाकटा भाऊ पीत होता, त्यामुळं तिला आत सोडेनात. ती खिडकीच्या जाळीला कपाळ टेकून उभी असायची.

"आवं बाई, माझी पोर जगंल न्हवं?"

"ते येशूच्या हातात," नर्स मनोरमाबाई म्हणाल्या. "पण तिला एकटी सोडणार नाही, एवढं माझ्या हातात आहे."

मी गुदमरले की त्या मला छातीशी टेकवून बसवायच्या आणि पुटपुटत प्रार्थना करायच्या. नऊ दिवस त्या घरी गेल्याच नाहीत. मी मरणार म्हणूनच जात नाहीत, असं मला वाटायचं. त्यांच्याही मागं कुणी असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

दहाव्या दिवशी मला घरी सोडलं. मनोरमाबाई फाटकापर्यंत सोडायला आल्या, तर तिथं दोनेक वर्षांची एक मुलगी हात पसरून त्यांच्याकडं धावत आली. मनोरमाबाई झटकन मागं सरकल्या.

"थांब बाळा, आंघोळ करून येते."

मुलगी रडायला लागली.

"तुमची व्हय?" आईनं विचारलं. बाईंनी मान डोलावली.

आईनं धाकट्याला आबांकडं दिलं आणि त्या मुलीला कडेवर घेतलं. बाई आंघोळ करून परत येईपर्यंत आई एसटीकडं निघाली नाही.