न उचललेली ओळ

भौतिकशास्त्राच्या सरांची ओळ मी मुद्दाम उचलली नाही. मुशायऱ्यात शायरानं पहिली ओळ म्हटली की ऐकणाऱ्यांनी ती दाद म्हणून परत म्हणायची, मग तो दुसरी ऐकवतो. त्या दिवशी लातुरात मी अध्यक्ष होतो. मी गप्प राहिलो, म्हणून सगळेच गप्प राहिले.

आम्ही एकाच क्लासमध्ये शिकवतो. ते भौतिकशास्त्राचा नियमही शेरासारखा सांगतात. अर्धा नियम दोनदा म्हणायचा, मग थांबून पोरांकडे बघायचं. "पुढं सांगा की, सर," पोरं म्हणतात. तीच पोरं माझ्या रसायनाच्या तासाला जांभया देतात. गझलेतल्या रकीबाला, म्हणजे प्रेमातल्या प्रतिस्पर्ध्याला, मी जन्मभर शिव्या घातल्या. लिहिताना डोळ्यांसमोर हे सरच असायचे.

त्या मुशायऱ्याच्या वेळी भूकंपाला वर्षही झालं नव्हतं. त्यांनी ओळ तीनदा म्हटली, "हादरे बसताच आलो धावुनी दारी तुझ्या." मग रुमालानं चष्मा पुसला आणि खाली बसले. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा त्यांच्या कपातला अर्धा चहा माझ्यापुढे सरकवला.

आता तेच नियम सांगून दोघंही थकलोय. परवा स्टाफरूममध्ये मी ती ओळ उचलली, दोनदा. त्यांनी चष्मा काढला.

"लई उशिरा उचलली, सर," ते म्हणाले आणि दुसरी ओळ ऐकवली, "वाचवाया तुज रकीबच पोचला होता पुढे."

माझ्या एकाही शेरातला रकीब इतका भला नव्हता.

"जळत होतो मी तुमच्यावर," मी म्हणालो. "माफ करा."