बारीक तोंडाची भट्टी

विश्रामबागच्या आमच्या कॉलेजच्या गच्चीवर वाटीसारखा मोठा आरसा होता. त्याने गोळा केलेलं ऊन स्टीलची नळी गुंडाळून केलेल्या चकतीवर पडे आणि नळीतल्या पाण्याची वाफ होई. पण वाफ हवी तेवढी तापत नव्हती. माझं संशोधन तिथंच अडलं होतं. नळी पुन्हा गळू लागली, तेव्हा मी ती कुपवाडच्या वेल्डिंगवाल्यांकडे नेली; त्यांना सगळे मामाच म्हणत.

कुठलंही लोखंड हातात आलं की मामा आधी त्यावरून सावकाश तळवा फिरवायचे, मेंढीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"ह्ये उघड्यावरच ठिवता व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग निम्मी धग वारंच नेतंय की! आमी मेंढरं घिऊन माळावर असायचो, तवा आई खड्ड्यात चूल मांडायची. पोट मोठं, तोंड बारीक."

त्यांनी नळी माठासारखी वळवली, बाहेरून भट्टीला लावतात ती धग अडवणारी लोकर गुंडाळली आणि ऊन आत शिरायला एवढंसं तोंड ठेवलं.

रविवारी ते स्वतः गच्चीवर आले. वाफ अशी सुटली की मी दचकून मागे सरले. मामा मात्र वेल्डिंगची काळी काच डोळ्यांपुढे धरून त्या लखलखत्या तोंडाकडे बघत राहिले.

"आईला दावायला पायजे हुतं," एवढंच म्हणाले.

प्रबंधाचं आभाराचं पान लिहिताना लक्षात आलं, मला त्यांचं नावच ठाऊक नाही. कुपवाडला गेले, तर शेडला कुलूप.

"मामा व्हय? गावाकडं गेलं, जतला," शेजारचा म्हणाला. नाव त्यालाही माहीत नव्हतं.

आभाराच्या पानावर माझ्या मार्गदर्शक सरांच्या नावाखाली मी एक ओळ मोकळी सोडली. ती अजून तशीच आहे.