सतरा नंबरची जखम

नुसतं असणं आणि उपयोगी पडणं यांतला फरक आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी जितका मनावर घेतलाय, तितका जगात दुसऱ्या कुणीही घेतला नसेल. धारवाडच्या एका प्रयोगशाळेत ते जखमेतून झिरपणारं पाणी तपासतात. त्या पाण्यात म्हणे जखम भरून आणणारी द्रव्यं असतात, ग्रोथ फॅक्टर म्हणतात त्यांना. ती किती आहेत हे एक यंत्र सांगतं. ती कामाची आहेत का, हे आमचे भाडेकरू सांगतात. जिवंत पेशींवर ते पाणी घालायचं आणि पेशी वाढतात का ते मोजायचं. "सूज रेंगाळली की ती द्रव्यं मोडून पडतात. मापात दिसतात, कामात शून्य!" हे वाक्य आमच्या उणकलच्या घरात इतक्यांदा झालंय की आमच्या मांजरालाही पाठ असावं.

बरं, हे प्रयोगशाळेत ठेवून यावं की नाही? बँकेत खिडकीपाशी अर्धा तास उभं राहिल्यावर ते मोठ्यांदा म्हणाले, "माणूस आहे, अ‍ॅक्टिव्हिटी नाही." आतल्या माणसानं काय म्हणालात म्हणून विचारलं, तर ह्यांनी त्याला सूज, पेशी, सगळं कन्नडमधून समजावलं. मागच्या रांगेतले दोघंतिघं "हौद्री, हौद्री" म्हणून माना डोलवत होते. शिवाय प्रत्येक माप तीनदा. अमरगोळच्या भाजीवालीला त्यांनी तीच वांगी तिसऱ्यांदा तोलायला लावली, तेव्हा ती म्हणाली, "अण्णा, आता वांगी म्हातारी व्हायला लागली की!" रोज संध्याकाळी ते खाली आईकडे चहाला यायचे आणि पहिल्या घोटाला निकाल द्यायचे, "अक्का, आलं आहे, पण कामाला लागलेलं नाही." मग आई आणखी आलं ठेचायची. माझ्या बायकोनं असं काही म्हटलं असतं तर घरात महाभारत झालं असतं.

मागच्या वर्षी आईच्या डाव्या पायाच्या करंगळीला जखम झाली. तिला साखरेचा आजार, त्यामुळे जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, वाट बघू, पण सूज वर चढली तर पायावर बेतेल. त्यांच्याकडच्या बऱ्याच रोग्यांच्या जखमांचं पाणी तपासणीला ह्यांच्याच प्रयोगशाळेत जायचं. आईनंही सही करून दिलं. कुठला नमुना कुणाचा हे मोजणाऱ्याला कळू देत नाहीत. नावं झाकून नुसते नंबर घालतात. आमचे भाडेकरू त्या शिस्तीचे इतके कट्टर, की आईचा पाय पुढे असला तरी तिकडे बघायचे नाहीत.

एका संध्याकाळी बशीत चहा ओतता ओतता ते सहज बोलून गेले, "सतरा नंबरचं काही खरं नाही, अक्का. द्रव्य भरपूर, काम काहीच नाही. तीनदा मोजलं. ती जखम भरायची नाही, कापावंच लागणार."

"अरेरे, कोण बिचारं असेल!" आई म्हणाली आणि तिनं देवघराकडे बघून हात जोडले.

आठवड्यानं नंबर उघडले. सतरा नंबर आईचा होता. निकाल बघून डॉक्टरांनी वाट बघणं सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी करंगळी काढली. पाय वाचला. उशीर झाला असता तर घोट्यापर्यंत गेला असता, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी हे वर जाऊन भाडेकरूंना सांगितलं, तर ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मी तिच्या तोंडावर बोललो हो. तिच्याच हातचा चहा पीत." त्यानंतर ते खाली येईनात. जाताना-येताना चपला हातात घेऊन जिना चढायचे-उतरायचे. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर कीवही आली.

दीड महिना आईनं वाट पाहिली. मग एका संध्याकाळी, मी नको नको म्हणत असताना, ती कठडा धरून एकेक पायरी चढत वर गेली. दार वाजवलं. त्यांनी उघडलं आणि पहिल्यांदाच तिच्या पायाकडे पाहिलं.

"अण्णा," आई धापा टाकत म्हणाली, "तुम्ही सांगितलंत म्हणून ह्या पायानं वर आले. आता मला खाली कोण नेणार?"

त्यांनी डोळे पुसले आणि तिचा हात धरला. उतरायला दोघांना फार वेळ लागला. मी खाली चहा पुन्हा गरम करत उभा होतो.