यल्लय्याची शपथेची घागर

आमच्या पेद्दगुट्टा किल्ल्यात इमानाची शपथ न घेतलेला माणूस एकच, यल्लय्या. पाणक्याला कोण विचारतंय! शपथा घ्यायच्या त्या मोठ्यांनी, आणि मोडायच्याही त्यांनीच. यल्लय्या गोल्ला, म्हणजे जातीनं गवळी. आम्हा गोल्लांच्या हातचं पाणी ब्राह्मणालाही चालतं, म्हणून शपथेसाठी कृष्णेचं पाणी कावडीनं आणायचं काम त्याच्या घराण्याकडे. त्याबद्दल तळ्याखालचं भाताचं शेत इनाम होतं. त्यावर सात तोंडं जेवायची. मी त्याचाच भाऊबंद, दरवाजावरचा शिपाई.

गोवळकोंड्याच्या पादशहांवर त्यांचा सख्खा भाऊ उठला, तेव्हा हुकूम आला की सगळ्यांकडून पुन्हा शपथा घ्या. पायदळाच्या व्यंकटाद्री नायकानं यल्लय्याला तबेल्यामागं गाठलं. कपाळावर वैष्णवाचं हे एवढं नाम, आणि बोलणं बघा.

"नदीवर कशाला पाय तोडतोस? विहिरीवरच भर घागर."

"नायक, विहिरीच्या पाण्यावरची शपथ लागत नाही."

"कळतंय ना? मग भर. शेत पिकतंय ना बरं?"

यल्लय्यानं निमूट विहीर गाठली. शपथेच्या सकाळी किल्लेदार हैबतखानाकडे वजूचं पाणी घेऊन गेला, तर तिथंही तेच.

"राहू दे आज," खान म्हणाला.

"खानसाहेब, किताबावर हात ठेवायचा ना?"

"तुला काय करायचंय रे?"

न धुतलेल्या हातानं घेतलेली शपथ खुदापर्यंत पोचत नाही, असा त्या गृहस्थाचा हिशेब! धर्म दोन, पण लबाडी अगदी सख्खी. मग दोघांनी भर दरबारात घसा ताणून शपथा घेतल्या. यल्लय्यानं त्या दिवशी आंबिलीला तोंड लावलं नाही.

पंधरा दिवसांत भावाची फौज आली आणि या दोघांनी दार उघडायला लावलं. अडसर मीच काढला. लगेच नव्या धन्यासाठी दरबार भरला. नायक छाती पिटून सांगत होता, "जात वेगळी, धर्म वेगळा, पण सरकार, मीठ एकच!" थू! खान मान डोलावत होता.

"पाणी आणा," नवा धनी म्हणाला.

यल्लय्यानं रिकामी घागर मधोमध ठेवली.

"कुठलं आणू, सरकार? पाळायच्या शपथेला नदीचं लागतं, मोडायच्या शपथेला विहिरीचं. मागच्या वेळी नायकांनी विहिरीचं सांगितलं होतं. खानसाहेबांनी तर हातही धुतले नव्हते."

"निमकहराम!" दोघं एकदम ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा दोघं मनापासून बोलले असतील.

नवा धनी समजला सगळं, खुळा थोडाच होता! पण नायकाचं पायदळ त्याला हवं होतं आणि खानाचे स्वारही. पाणक्याकडे काय होतं? त्याचं शेत काढून घेतलं.

दुसरा गोल्ला शोधायला लांब जावं लागलं नाही. नायकानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. घागर मी भरली, विहिरीवर. शेत आता माझं आहे.

यल्लय्या त्याच शेतात लावणीला येतो, मजुरीनं. परवा उन्हात मी त्याच्यापुढं लोटा धरला. त्यानं घेतला नाही.

"कुठलं आहे रे, अण्णा?" एवढंच म्हणाला.

नदीचंच होतं. पण मी सांगितलं असतं, तर त्यानं का खरं मानावं?