शिडीवरचा माणूस

विधानभवनाच्या त्या थंडगार खोलीत थिओला केपर्सला घाम फुटला होता. बोलायचं तिला होतं. तिच्या नवऱ्यानं, ओझेलनं, शेजारी गप्प बसायचं, हे घरून निघतानाच ठरलं होतं. मागे त्याच्याच तोंडामुळे सगळं बिघडलं, असं तिचं ठाम मत होतं.

झालं होतं असं. तीन वर्षांपूर्वी ओझेल शिडीवर चढून व्हरांड्याच्या छताला निळा रंग देत होता. आमच्या कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर छतं निळीच; भुतं त्या रंगाला पाणी समजतात आणि बाहेरच थांबतात. शेरीफच्या पोलिसांवर मात्र त्याचा काही उपाय चालत नाही. दोन डेप्युटी आले ते भलत्याच पत्त्यावर. खाली उतर म्हणाले, आणि तो उतरायच्या आत एकानं शिडीच ओढली. चूक कळल्यावर त्यानंच विचारलं, ठीक आहेस ना? कमरेचं हाड मोडलेला ओझेल जमिनीवरून म्हणाला, "ठीक आहे साहेब, आभारी आहे."

आमच्या काळ्या वस्तीत पोरांना चालता येऊ लागलं की हेच शिकवतात: पोलिसाला साहेब म्हणायचं, वाद घालायचा नाही, सुटलो की आभार मानायचे. ते वाक्य डेप्युटीच्या छातीवरच्या कॅमेऱ्यात टिपलं गेलं आणि काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, वकिलानं कोर्टात ते पुन्हा पुन्हा ऐकवलं.

न्यायाधीशांनी तर कहरच केला. वागणं चुकीचं होतं, म्हणाले. पण सरकारी माणसावर खटला चालवायचा तर अगदी असाच प्रकार आधी एखाद्या कोर्टानं बेकायदा ठरवलेला हवा. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला पाडल्याचा निकाल होता, शिडीवरच्याचा नव्हता. म्हणजे पहिल्या पडणाऱ्याला न्याय नाही, आणि त्याला मिळाला नाही म्हणून दुसऱ्यालाही नाही. याला म्हणे कायदा म्हणायचं.

राज्याच्या कोर्टात तरी अधिकाऱ्यांची ही ढाल काढून घ्यावी, असं विधेयक आज समितीपुढे होतं. इथे अडकलं तर मेलंच. थिओला उभी राहिली, पाठ केलेलं जेमतेम निम्मं बोलली असेल, तोच एका सिनेटरनं तिला हातानं थांबवलं आणि ओझेलकडे वळून विचारलं, "मिस्टर केपर्स, तुम्ही त्या अधिकाऱ्याचे आभार मानलेत. ज्यानं दुखापत केली त्याचे कुणी आभार मानतं का?"

थिओलाला वाटलं, आता हा पुन्हा गोड बोलणार आणि सगळ्यावर पाणी पडणार. तिनं त्याची बाही ओढली, पण ओझेल काठीवर भार देत उठला.

"त्याचा हात पिस्तुलावर होता, साहेब," तो म्हणाला. "मी ठीक आहे म्हटल्यावर त्यानं तो काढला. त्याचे मानले आभार."

विधेयक एका मतानं पुढे गेलं. त्यांचा खटला लढवलेल्या वकीलबाईंनी दोघांना मिठ्या मारल्या, आणि टीव्हीवाल्यांनी ओझेलकडून तेच वाक्य परत वदवून घेतलं. गाडीत थिओला आधी रडली, मग म्हणाली की रविवारी खेकडे उकडू, चर्चमधल्या सगळ्यांना बोलवू.

त्यांच्या काउंटीची हद्द लागली तशी झाडांआडून शेरीफची गाडी निघाली आणि त्यांच्या मागे लागली. दिवा नाही, भोंगा नाही, घाई तर मुळीच नाही. ओझेलनं वेग कमी केला, मागच्या गाडीनंही केला.

"माझं लायसन्स काढून पुढे काचेपाशी ठेव," ओझेल म्हणाला.

"थांबवलंय कुठे त्यांनी?"

"आत्ताच ठेव, थिओला. मग त्यांच्यासमोर पर्समध्ये हात घालायला नको, पिस्तूल काढतोय वाटेल."

तिनं लायसन्स ठेवलं. आरशात ती गाडी तेवढ्याच अंतरावर होती. आपण आज गेलोच नसतो तर बरं झालं असतं, असं थिओलाला वाटलं. आणि हे आपल्याला वाटावं, याची तिला मागच्या गाडीपेक्षा जास्त भीती वाटली.