जर्मनच्या नावेला डांबर

लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, भुसावळहून एक नाव आणली. लष्कराने टाकलेलं सामान विकायला काढलं होतं, त्यातली. छोटीशी, चार माणसांची, आणि लाकडाची नाही बरं का, ॲल्युमिनियमची! आमच्याकडे त्याला जर्मन म्हणत. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा. मग काय, गाव विचारायचं, "आबा, पातेलं कुठे निघालं?" तापीपलीकडे आमची केळीची बाग. आबा सकाळी तिकडे जात आणि दुपारी जेवायला घरी येत.

नावेच्या हिरव्या रंगाचे पोपडे निघाले होते आणि खालचा पत्रा उन्हात असा लखलखायचा की बघवत नसे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आखाजीच्या आधी नावेला डांबर लावायचं, ही आमच्या काठाची रीत.

आमचे हे म्हणाले, "आबा, डांबर लाकडाला लावतात. पत्रा काय पाणी पितो?"

"नाव शे ना? मंग डांबर लावनं पडी," आबा म्हणाले. झालं.

ते ऐकून सासूबाईंचा हात पिठातच थांबला. का, ते मला एकटीला ठाऊक होतं. त्यांना मोतीबिंदू झाला होता. आमच्या ओट्यावरून नदी दिसे. नाव पलीकडून सुटली की त्या तवा ठेवत, म्हणजे आबा पाय धुऊन बसेपर्यंत ताटात ऊन भाकरी. जुनी काळी नाव शेवटी शेवटी त्यांना दिसेनाशी झाली. भाकरी कधी गार, कधी झालेलीच नाही. आबा काही बोलत नसत, पण सासूबाई परसात जाऊन डोळे पुसत. जर्मनची नाव आली आणि पाण्यावरचा चमकारा तेवढा त्यांना दिसायला लागला. मला म्हणाल्या होत्या, "कोनले सांगू नको. चूल काढून घेतील माझ्याकडून."

आता सांगायचं कोणी? त्या चारचौघांत नवऱ्याशी बोलत नसत, आणि मी तर सून, सासऱ्यांसमोर तोंड उघडायची सोय नाही. इकडे अंगणात आबा तापलेलं डांबर ढवळत होते. मग मी पदर पुढे ओढला, गोठ्यात वैरण टाकली आणि चांगलं मोठ्याने म्हशीला म्हटलं, "काय गं, नाव काळी झाली तर आत्याबाईंना दिसायची कशी? ती चमकते म्हणून तर तवा वेळेवर चढतो."

म्हैस रवंथ करत राहिली. आबांच्या हातातली काडी मात्र डांबरात तशीच उभी. मग तेही म्हशीलाच म्हणाले, "मला वाटलं, तिला माझ्यासाठी रांधायचा कंटाळा आला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या नावेला डांबर फासलं, फक्त नाकाड, म्हणजे पुढचं टोक, सोडलं. घरी येताना तेच आमच्याकडे असतं ना! त्याच्यावरचा उरलेला हिरवा रंग खरवडला आणि राखेने घासघासून ते लख्ख केलं.

काठावरून कोणीतरी ओरडलं, "आबा, डांबर पुरलं नाही का?"

"पातेलं शे, घासनं पडी!" आबा म्हणाले.

डांबर सुकून नाव पहिल्यांदा पलीकडे गेली, त्या दुपारी सासूबाई कपाळाला हात लावून ओट्यावर उभ्या होत्या. मी दारातून बघत होते. "आली," त्या म्हणाल्या आणि आत येऊन तवा ठेवला. मग भाकरी थापता थापता, मान वर न करता, "तू सांगितलंस त्यांना?"

"नाही, आत्याबाई. मी म्हशीला सांगितलं."

पिठाचा हात माझ्या पाठीत बसला. लुगड्यावर पाच बोटं उमटली, ती मी दिवसभर झटकली नाहीत.